न्यूट्रल आणि अर्थिंग घरातील डीबीत एकमेकांना जोडावे का? (सातारा, सिंगल फेज)

शाहूपुरीकर (सातारा) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. शाहूपुरीतील आमच्या जुन्या घरावर वरचा मजला चढवला असून त्या निमित्ताने सगळे वायरिंग नव्याने करून घेत आहोत. तळमजल्यावर मुख्य डीबी (सर्किटांना वीज वाटणारी पेटी), वरच्या मजल्यासाठी दुसरी लहान डीबी आणि अंगणातल्या बोअरच्या मोटरीसाठी वेगळी स्टार्टरची पेटी अशी मांडणी ठरली आहे. रस्त्यावरच्या पोलवरून सर्व्हिस वायरने फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा मीटरपर्यंत येतात, आणि अर्थिंगसाठी घरामागे आम्ही स्वतः खड्डा घेऊन पाइप पुरला आहे.

अडचण अशी, की न्यूट्रलची पट्टी आणि अर्थिंगची पट्टी डीबीत एकमेकींना जोडावी की नाही, याबद्दल वेगवेगळी मते ऐकायला मिळाली. अमेरिकेत असलेल्या भाच्याने तिकडचे काही व्हिडिओ पाठवले. त्यांत मुख्य पॅनेलमध्ये एक हिरवा स्क्रू पिळून न्यूट्रलची पट्टी धातूच्या पेटीला आणि अर्थिंगला जोडताना स्पष्ट दिसते, आणि हा जोड नसेल तर उपकरणाच्या बॉडीला फेज लागल्यावर ब्रेकर पडणारच नाही, असे ठामपणे सांगितले जाते. आमचे वायरमन म्हणतात, "आपल्याकडे तसे करायचे नसते," पण का करायचे नसते हे त्यांना सांगता आले नाही. शेजारच्या घरी मात्र दुसऱ्या एका वायरमनने न्यूट्रल लिंकपासून, म्हणजे न्यूट्रलच्या पट्टीपासून, अर्थिंगच्या पट्टीपर्यंत सरळ तारेचा तुकडा टाकला आहे. तिथे न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात सहा व्होल्टच्या आसपास दिसत होते आणि कॉम्प्युटरचा यूपीएस वायरिंगचा दोष दाखवत होता. तुकडा टाकल्यावर मीटरवर शून्य आले आणि यूपीएसही गप्प झाला. पुढे त्यांची आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) सारखी पडू लागली, म्हणून ती बायपास करून टाकली.

जोड करावा की नाही आणि का, हा माझा मुख्य प्रश्न. करू नये असे असेल, तर व्हिडिओतील आक्षेपाचे उत्तर काय, म्हणजे एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा आपल्याकडचा ब्रेकर) पडणार कशी? वरच्या डीबीचे न्यूट्रल आणि अर्थिंग खालून आणावे की वेगळे घ्यावे, हेही कळले तर बरे होईल. आमच्या वायरमनने फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दाखवला आणि तो पूर्ण उजेड देतो, म्हणजे अर्थिंग उत्तम आहे असे सांगितले. एवढ्यावर विसंबावे का?

निवृत्त विद्युत अभियंता (विश्रामबाग, सांगली)

आपल्या वायरमनचे म्हणणे बरोबर आहे आणि व्हिडिओही खोटा नाही, कारण दोन्हीकडची पुरवठ्याची पद्धतच वेगळी आहे. पद्धत न पाहता एकीकडचा जोड दुसरीकडे उचलून लावला, की तो घातक ठरतो.

अमेरिकेत एक लहान ट्रान्सफॉर्मर थोड्याच घरांना पुरवठा करतो. त्याच्या २४० व्होल्टच्या गुंडाळीचा मध्य न्यूट्रल म्हणून बाहेर काढतात, त्यामुळे प्रत्येक बाजूला १२० व्होल्ट मिळतात. तो न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असतो आणि घरात शिरताना पुन्हा अर्थ केला जातो. उपकरणाच्या बॉडीला फेज लागला, की प्रवाह हिरव्या तारेने पॅनेलपर्यंत येतो, तिथल्या त्या स्क्रूमधून न्यूट्रलमध्ये शिरतो आणि तांब्या-अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेनेच ट्रान्सफॉर्मरला परत जातो. त्या वाटेत जमीन जवळजवळ येतच नाही. रोध अगदी कमी असल्याने शेकडो अँपिअर वाहतात आणि ब्रेकर क्षणात पडतो. तिथेही हा जोड एकाच ठिकाणी, म्हणजे घराच्या पहिल्या मुख्य स्विचपाशी करतात. त्यापुढच्या प्रत्येक उपपॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पट्ट्या कटाक्षाने अलग ठेवतात. भाच्याला उपपॅनेलचा व्हिडिओ पाठवायला सांगा, म्हणजे त्यात हाच हिरवा स्क्रू काढून टाकताना दिसेल.

आपल्याकडे ११ किलोव्होल्टवरून ४३३ व्होल्टवर आणणारा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ज्याला आपण डीपी म्हणतो तो, एका मोठ्या वस्तीला पुरवठा करतो. त्याचा न्यूट्रल डीपीपाशी अर्थ केलेला असतो. तिथून पोलांवरून फेज आणि न्यूट्रल येतात. अर्थिंगची वेगळी तार सहसा घरापर्यंत येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत (त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे नियम आले) पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टर्मिनल द्यावे असे म्हटले होते, तरी आपल्या गल्लीबोळांतील बहुतेक घरे स्वतःच्या खड्ड्यावरच चालतात, हे वास्तव आहे. डीपीचे अर्थिंग वेगळे आणि घराचे वेगळे, अशा या मांडणीला टीटी पद्धत म्हणतात. यात बॉडीला लागलेल्या फेजचा प्रवाह घराच्या पाइपमधून मातीत उतरतो आणि मातीतून डीपीच्या खड्ड्यापर्यंत जातो.

आता एमसीबीचा प्रश्न. घराच्या खड्ड्याचा रोध ३५ ओहम आणि डीपीचा २ ओहम धरा. २३० भागिले ३७, म्हणजे सुमारे ६ अँपिअर. सी प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी झटक्यात पडेलच याची खात्री १६० अँपिअरला असते, आणि त्यासाठी संपूर्ण वाटेचा रोध दीड ओहमच्या आत हवा. घरगुती खड्ड्यातून तो मिळत नाही. म्हणजे दोष झाल्यावर एमसीबी जागची हलणार नाही, मीटर फिरत राहील आणि गिझरच्या बॉडीवर जमिनीच्या तुलनेत २०० व्होल्टच्या वर राहतील. व्हिडिओतील आक्षेप आपल्या मांडणीला तंतोतंत लागू पडतो, हे मान्यच करावे लागते. त्याचे उत्तर मात्र न्यूट्रलचा जोड हे नसून आरसीसीबी हे आहे. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते, आणि ३० मिलिअँपिअरपर्यंत फरक पडला की दोन्ही तारा तोडते. हिशेबाचा नियम असा, की खड्ड्याचा रोध गुणिले आरसीसीबीचा प्रवाह ५० व्होल्टच्या वर जाऊ नये. ३० मिलिअँपिअरसाठी हा रोध १,६६६ ओहमपर्यंत चालतो. आपल्या घरात अर्थिंगच्या दोषापासून वाचवणारी एकमेव वस्तू आरसीसीबी आहे, आणि शेजाऱ्यांनी नेमकी तीच काढून टाकली आहे.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला (मिरज)

अभियंता साहेबांचा मुद्दा पुस्तकी दृष्टीने बरोबर असेलही, पण आमच्या व्यवसायात न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात पाच-सहा व्होल्ट आले की यूपीएस तक्रार करतो आणि ग्राहक आमच्या नावाने ओरडतो. अनेक ठिकाणी वायरमनकडून असा जोड करून घेतला आहे आणि आजवर कोणाला शॉक बसल्याचे कानावर नाही. शेवटी न्यूट्रल डीपीवर अर्थच केलेला असतो, मग तो घरातही अर्थ केला तर बिघडते कुठे?

परवानाधारक विद्युत ठेकेदार (कराड)

वरच्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य फार जणांच्या तोंडी असते, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो. न्यूट्रल डीपीवर अर्थ केलेला असला, तरी डीपीपासून घरापर्यंत येताना त्यात गल्लीतल्या सगळ्या घरांचा असमतोल प्रवाह वाहतो, आणि तारेच्या रोधामुळे घराशी पोहोचेपर्यंत त्यावर काही व्होल्ट चढतात. यूपीएसला दिसणारे सहा व्होल्ट ते हेच. जोड केल्यावर मीटर शून्य दाखवते, कारण मीटरच्या दोन्ही पिना आता विजेच्या दृष्टीने एकाच ठिकाणी टेकलेल्या असतात. न्यूट्रल खाली आलेला नसून घराचे अर्थिंग वर गेलेले असते. तापाच्या माणसाऐवजी थर्मामीटरवर उपचार केल्यासारखा हा प्रकार आहे.

शेजाऱ्यांची आरसीसीबी का पडू लागली, तेही यातच दडले आहे. सहा व्होल्टना ३७ ओहमने भागले तर सुमारे १६० मिलिअँपिअर येतात. घरातले एकही बटण चालू नसताना एवढा प्रवाह न्यूट्रलमधून त्या तुकड्यात आणि तिथून खड्ड्यात वाहत राहतो. जोड आरसीसीबीच्या पुढे असेल तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने पडायलाच हवे, आणि ती पडत होती म्हणजे ती उत्तम स्थितीत होती. तिला खराब ठरवून काढणे हा त्या प्रसंगातला सर्वांत वाईट निर्णय झाला.

जोड आरसीसीबीच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला केला तर ती पडत नाही, आणि म्हणून काही वायरमन ही पळवाट सुचवतात. पण तिचा खरा धोका न्यूट्रल तुटल्यावर दिसतो. समजा, पोलवरचा सर्व्हिस वायरचा न्यूट्रल गंजून सुटला आणि घरात २ किलोवॅटचा गिझर चालू आहे. गिझरच्या कॉइलचा रोध सुमारे साडेसव्वीस ओहम. जोड असल्यामुळे गिझरचा प्रवाह न्यूट्रल लिंकवरून अर्थिंगमध्ये आणि खड्ड्यातून जमिनीत जातो. एकूण रोध साडेत्रेसष्ट ओहम, प्रवाह ३.६ अँपिअर, आणि ३५ ओहमच्या खड्ड्यावर पडणारा दाब सुमारे १२७ व्होल्ट. घरातील प्रत्येक अर्थ केलेली वस्तू, म्हणजे गिझरची टाकी, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सरचा स्टँड, एवढ्या व्होल्टवर चढून बसते. आरसीसीबीला यातले काहीच कळत नाही, कारण तिच्या दोन्ही तारांत प्रवाह सारखाच आहे. एमसीबीलाही कळत नाही. पाणी नीट तापत नाही एवढीच घरच्यांची तक्रार असते, आणि ओल्या न्हाणीघरात कोणी नळाला हात लावेपर्यंत बाकी सगळे सुरळीत दिसते.

जोड नसेल तर याच प्रसंगात काय होते, तेही पाहा. दिवे जातात, टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो, आणि उपकरणांच्या बॉडी मात्र जमिनीच्या पातळीवर सुरक्षित राहतात. गैरसोय होते, पण जीव धोक्यात येत नाही.

आणखी एक शक्यता सांगतो. न्यूट्रल आपल्या सर्व्हिस वायरचा न तुटता गल्लीच्या लाइनचा तुटला, तर तीन फेजांवरील भार असमान असल्याने न्यूट्रल तरंगू लागतो. तो १०० व्होल्ट वर गेला, तर जोड असलेल्या घराच्या खड्ड्यातून सुमारे पावणेतीन अँपिअर वाहतील, तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपकरणांचे, आणि घराचे अर्थिंग ९५ व्होल्टच्या आसपास जाईल. अशा वेळी तुम्ही मुख्य स्विच बंद केला, तरी स्विचच्या अलीकडे असलेला जोड तुटत नाही, कारण कोणताही स्विच किंवा आरसीसीबी अर्थिंगची तार तोडत नाही. मेन बंद करूनही नळाला शॉक लागत असल्याची तक्रार आली, की आमचा पहिला संशय याच तुकड्यावर जातो. गल्लीचा न्यूट्रल तुटल्यावर टीव्ही, फ्रिज जळण्याचा जो धोका असतो, तोही ३५ ओहमच्या खड्ड्याने टळत नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढताच पुरवठा तोडणारे वेगळे उपकरण डीबीत बसवावे लागते.

शिवाय हल्लीचे इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांतील प्रवाह मोजतात, तफावत आढळली की नोंद ठेवतात आणि जो प्रवाह अधिक असेल त्यावर युनिट धरतात. जोड केलेल्या घरात ही तफावत कायमचीच असते. तपासणीला आलेल्या माणसाला ती अर्थिंगवर भार टाकून केलेली वीजचोरी वाटली, तर समजावत बसण्याची वेळ ग्राहकावर येते.

यूपीएसच्या तक्रारीचे मूळ शोधायचे असेल, तर वायरमनला न्यूट्रल आणि अर्थिंग यांतील व्होल्ट दोनदा मोजायला सांगा, एकदा घरातील मोठा भार चालू ठेवून आणि एकदा बंद करून. भार बंद केल्यावर आकडा एकदम खाली आला, तर आपल्याच सर्व्हिस वायरचा किंवा मीटरच्या टर्मिनलचा न्यूट्रल ढिला आहे. आकडा जसाच्या तसा राहिला, तर तो लाइनवरचा आहे. दोन-तीन व्होल्ट हे नेहमीचेच. तो वीस-तीस व्होल्टच्या घरात जाऊ लागला, तर वाट न पाहता १९१२ वर तक्रार नोंदवावी, कारण न्यूट्रल तुटण्याची ती पूर्वसूचना असू शकते. पोलवर स्वतः किंवा खासगी वायरमनने चढू नये, हे सांगायला नको, तरी सांगतो.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला (मिरज)

मेन बंद करूनही शॉक लागण्याचा मुद्दा माझ्या विचारात आला नव्हता. मग यूपीएसचे करायचे काय, एवढे सांगा.

परवानाधारक विद्युत ठेकेदार (कराड)

न्यूट्रल घट्ट करून आणि अर्थिंग सुधारूनही दोष दाखवत राहिला, तर त्या एका यूपीएसपुरता आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे घरच्या पुरवठ्यापासून अलग असा स्वतंत्र पुरवठा देणारा ट्रान्सफॉर्मर, लावता येतो. त्याच्या दुय्यम बाजूचे एक टोक अर्थ करणे हे नव्या, स्वतंत्र पुरवठ्याचा न्यूट्रल अर्थ करण्यासारखे असल्याने ते नियमात बसते. बहुतेक वेळा मात्र फेज आणि न्यूट्रल सॉकेटमध्ये उलटे लागलेले निघतात. ते आधी पाहावे.

कोरेगावचा शेतकरी

चर्चा घराची चालू आहे, पण रानातले सांगतो. शेतीच्या लाइनला थ्री फेज नसते त्या वेळी एखाद्या फेजवर आणि जमिनीत ठोकलेल्या सळईवर बल्ब लावण्याची आमच्याकडे जुनी सवय आहे. एवढ्याशा बल्बाने काही होत नाही, असे सगळेच म्हणतात. माझा गोठा घरापासून लांब असून तिथे घरातूनच दोन तारा नेल्या आहेत. गोठ्याला अर्थिंग वेगळे घ्यावे, की घराचेच तिथपर्यंत न्यावे?

निवृत्त विद्युत अभियंता (विश्रामबाग, सांगली)

आधी सळईविषयी. बल्बामुळे प्रवाह मर्यादित राहतो, म्हणून आजवर निभावले असेल, पण त्याच सळईवर उद्या कोणी पाण्यातली छोटी मोटर किंवा हीटर लावतो, आणि मग सळईभोवतीच्या ओल्या जमिनीत पावलागणिक व्होल्टेज बदलत जाते. बल्बाच्या होल्डरमध्ये कोणी वायर थेट जोडली, तरी हेच होते. जनावरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांतील अंतर माणसाच्या पावलापेक्षा जास्त असते, त्यामुळे जमिनीतील हा फरक त्यांना अधिक लागतो. शॉक लागून जनावर दगावते तेव्हा बहुधा ते तारेला चिकटलेले नसते, अशा जमिनीवर फक्त उभे असते. ती सळई काढून टाका, असेच सांगेन.

गोठा लांब असल्यास तिथे लहान डीबी बसवून तिच्यावर स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्यावी आणि गोठ्यापाशीच अर्थिंगचा वेगळा पाइप पुरावा. लोखंडी खांब, पत्र्याचा सांगाडा, पाण्याची लोखंडी टाकी आणि गव्हाणीची सळई हे सगळे एकमेकांना जोडून त्याच अर्थिंगवर आणावे, म्हणजे कोणत्याही दोन धातूंमध्ये फरक उरत नाही. न्यूट्रल मात्र घरातून आला तसाच अलग ठेवावा. तिथेही त्याला अर्थिंगला टेकवू नये.

शाहूपुरीकर (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. जोड करायचा नाही हे पक्के झाले, आणि शेजाऱ्यांनाही हा धागा वाचायला दिला आहे. बल्बाच्या चाचणीविषयी आणि वरच्या डीबीविषयी मात्र अजून कोणी बोलले नाही. आमच्या जागेत वरचा मातीचा थर संपला, की लगेच मुरूम लागतो आणि त्याखाली खडक. पाइप पूर्ण खोल गेला की नाही, याची मला शंका आहे.

निवृत्त विद्युत अभियंता (विश्रामबाग, सांगली)

बल्बाच्या चाचणीवर विसंबू नये. १०० वॅटच्या पेटलेल्या बल्बाचा रोध ५२९ ओहम असतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम असला, तरी बल्बाला २१० व्होल्ट मिळतात, आणि २३० आणि २१० व्होल्टवरच्या उजेडातला फरक डोळ्याला फारसा कळत नाही. अर्थिंग मुळीच नाही एवढेच ही चाचणी सांगू शकते, ते चांगले आहे की नाही हे नाही. शिवाय आरसीसीबी असलेल्या सर्किटवर ती केली तर आरसीसीबी पडते, कारण बल्बातून ४०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जमिनीत जातो. ठेकेदाराकडून अर्थ टेस्टर आणवून, दोन सहायक खुंट्या जमिनीत ठोकून मोजमाप करून घ्या, आणि तेही शक्यतो एप्रिल-मे महिन्यात. पावसाळ्यात घेतलेला आकडा फसवा असतो.

जमिनीचा प्रश्न रास्त आहे. अर्थिंगच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. ३०४३ मध्ये, पाइपची लांबी किमान अडीच मीटर आणि आतला व्यास किमान ३८ मिलिमीटर सांगितला आहे. ज्या जमिनीचा विशिष्ट रोध, म्हणजे मातीचा स्वतःचा रोध, १०० ओहम-मीटर आहे, तिथे असा एक पाइप सुमारे ३५ ओहम देतो. मुरमात हाच विशिष्ट रोध २०० किंवा त्याहून जास्त असू शकतो, आणि मग एका पाइपचे ७० ओहम होतात. उलट आमच्या सांगलीच्या काळ्या मातीत तो वीसच्या आसपास असेल, तर पाच-सात ओहमही मिळतात. काळ्या मातीचा दोष वेगळा आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पाइपपासून सुटते आणि त्याच खड्ड्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो. कृष्णेकाठच्या सखल भागात २०१९ आणि २०२१ च्या पुरात मीटरच्या पेट्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा ठिकाणी पाणी ओसरल्यावर आरसीसीबी वाळवून पुन्हा वापरू नये, बदलावीच.

साताऱ्यात खडक लागला असेल, तर पाइप खडकावर टेकवून वरून कापण्यापेक्षा थोडे अंतर सोडून दुसरा पाइप पुरावा आणि दोन्ही एकमेकांना जोडावेत. दोघांतील अंतर पाइपच्या लांबीपेक्षा कमी नसेल, तर रोध जवळजवळ निम्मा होतो. घराच्या भिंतीपासून दीड मीटर तरी दूर राहा. मीठ आणि कोळसा भरण्याची जुनी रीत चालते, पण मीठ पावसाने धुऊन जाते आणि जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पाइप खाते. त्याऐवजी बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) किंवा तयार मिश्रण भरावे आणि खड्ड्यावर झाकण ठेवून उन्हाळ्यात पाणी घालण्याची सोय ठेवावी. एवढे करूनही १०–१५ ओहमच्या खाली गेले नाही, तर निराश होऊ नका. आरसीसीबी असताना तेवढे पुरते.

वरच्या डीबीची व्यवस्था कराडच्या ठेकेदारांनी सांगावी. ते रोज हेच काम करतात.

परवानाधारक विद्युत ठेकेदार (कराड)

वरच्या डीबीसाठी खालून तीन तारा न्याव्यात, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. अर्थिंगचा वेगळा खड्डा नको. एकाच इमारतीत दोन वेगळी अर्थिंग असली, तर दोष झाल्यावर खालच्या आणि वरच्या उपकरणांच्या बॉडींमध्येच व्होल्टेज येऊ शकते. वरच्या डीबीत न्यूट्रलची लिंक पेटीपासून इन्सुलेटरवर अलग बसलेली आहे, याची स्वतः पाहून खात्री करा. काही स्वस्त लोखंडी पेट्यांत तिचा स्क्रू पत्र्याला टेकतो आणि कोणी मुद्दाम न करताही जोड होऊन जातो.

संपूर्ण घराला एकच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावली, तर एका गिझरच्या गळतीने सगळे घर अंधारात जाते आणि कंटाळून लोक ती काढतात. त्यापेक्षा मुख्य डीबीत १०० मिलिअँपिअरची, जराशा विलंबाने पडणारी एस प्रकारची, आणि त्यापुढे तळमजल्यासाठी, वरच्या मजल्यासाठी आणि बोअरसाठी प्रत्येकी एक ३० मिलिअँपिअरची अशी मांडणी मी सुचवेन. वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर एसीच्या सर्किटवर ए प्रकारची घ्या, कारण त्यांच्या दोषाचा प्रवाह निव्वळ एसी, म्हणजे प्रत्यावर्ती, नसतो आणि साध्या एसी प्रकारच्या आरसीसीबीला तो नीट ओळखता येत नाही. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या पुढे, म्हणजे भाराच्या बाजूला, स्वतंत्र आरसीसीबी हवी. लाइट गेल्यावर मागच्या आरसीसीबीचा काही उपयोग राहत नाही.

प्रत्येक आरसीसीबीच्या पुढे तिची स्वतःची न्यूट्रल लिंक ठेवावी, आणि एका विभागाचा न्यूट्रल दुसऱ्यात मिसळू देऊ नये. दुमजली घरांत ही चूक नेमकी जिन्यातल्या टू-वे लाइटमध्ये होते. फेज खालच्या डीबीचा आणि न्यूट्रल वरच्या डीबीचा, अशा जोडणीत दिवा लावला की दोन्ही आरसीसीबी पडतात, आणि वायरमन उपकरणच खराब असल्याचे सांगून मोकळा होतो.

आरसीसीबी विनाकारण पडत असेल, तर एकेक एमसीबी खाली पाडून दोष शोधण्याची रीत अपुरी आहे. एकपोली एमसीबी फक्त फेज तोडते, आणि न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकलेला असेल, तर एमसीबी बंद असूनही तो टेकलेलाच राहतो. त्यासाठी मेन बंद करून प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल लिंकमधून सोडवावा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधील इन्सुलेशन पाहावे. १ मेगाओहमच्या खाली आलेले सर्किट दोषी. जुन्या घरांत हा दोष बहुतेक वेळा बाहेरच्या गेटच्या दिव्यात किंवा बोअरच्या केबलच्या पाण्यातल्या जोडात निघतो. तसेच जुन्या बोर्डावर न्यूट्रलमध्येही किटकॅट फ्यूज असेल, तर तो काढून तिथे सरळ जोड करून घ्या. तो फ्यूज उडाला की घरातल्या घरात न्यूट्रल तुटतो.

शाहूपुरीकर (सातारा)

शेवटची एक शंका. शेजाऱ्यांच्या डीबीतला तुकडा काढल्यावर तो खरोखर निघाला आणि दुसरीकडे कुठे लपलेला जोड नाही, हे कसे तपासायचे? आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहिले तर पुरेल का?

परवानाधारक विद्युत ठेकेदार (कराड)

टेस्ट बटण पुरणार नाही. ते आतल्या एका रोधातून मुद्दाम फरक निर्माण करते, त्यामुळे घराला अर्थिंग मुळीच नसले, तरी आरसीसीबी पडते. तिची यंत्रणा मोकळी आहे एवढेच त्यातून कळते, आणि तेवढ्यासाठी ते महिन्यातून एकदा दाबावे.

जोड तपासण्यासाठी दोन्ही तारा तोडणारा डबल पोल मेन स्विच बंद करावा, इन्व्हर्टर असेल तर तोही पूर्ण बंद करून त्याची आउटपुटची पिन काढावी, पुरवठा नसल्याची खात्री करावी आणि मग मल्टिमीटरने न्यूट्रल लिंक आणि अर्थिंगची पट्टी यांच्यामधील रोध पाहावा. तो काही ओहमांत आला, तर जोड अजून कुठेतरी आहे. मग वर सांगितल्याप्रमाणे एकेका सर्किटचा न्यूट्रल सोडवत जावे. मेन स्विच आणि मीटर यांच्यामधला भाग या चाचणीत येत नाही, म्हणून ती पेटी उघडून डोळ्यांनी पाहावी. मीटरला सील असते, त्यामुळे मीटरच्या टर्मिनलचे झाकण उघडायचे असेल, तर लाइनमनला बोलावूनच उघडावे.

तुकडा काढल्यावर शेजाऱ्यांनी त्याच दिवशी आरसीसीबी पुन्हा लावून घ्यावी. मधल्या काळात गिझर वापरू नये.